न धुतलेलं वाक्य

प्रिय चिमण,

पन्नाशी उलटलेल्या, चाळिशीचा चष्मा लावणाऱ्या आणि आता पोस्टरवर नाव झळकलेल्या माणसाला चिमण म्हणू नये, हे मला कळतं. पण आज तुला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारायला गेले तर तोंडातून शिवीच निघेल, म्हणून घरचं नाव बरं. सिनेमा पाहिल्यापासून तुझे फोन येताहेत आणि परवाचं बोलणं सोडलं तर मी दर वेळी 'पाहिला रे, नंतर बोलू' म्हणून ठेवून देते आहे. तू तुझ्या भावोजींना विचारलंस म्हणे, की ताई रुसली आहे का. रुसले नाही. रुसण्यातही थोडी मजा असते, समोरच्याने समजूत काढावी अशी इच्छा असते. मला शिसारी आली आहे, आणि ती जेवताना, भांडी विसळताना, कपडे वाळत घालताना कधीही येते. फोनवर तू बोलायचं आणि मी ऐकायचं, हा आपला लहानपणापासूनचा रिवाज. म्हणून लिहिते आहे. कागदावर तरी तुला मध्येच तोंड घालता येणार नाही.

आधी सिनेमाचं सांगते, कारण तुला तेच ऐकायचं आहे. पहिल्या खेळाला तू आम्हाला चांगल्या खुर्च्या मिळवून दिल्यास, त्याबद्दल आभार. तुझा तो नायक बातमीदार आहे असं सगळेजण सारखं एकमेकांना सांगत होते, म्हणून मला कळलं. अख्ख्या सिनेमात त्याने एक ओळ लिहिली नाही. गच्च्यांवरून उड्या मारल्या, गोदामाचं कुलूप दगडाने फोडलं, पोलीस अधिकाऱ्याच्या कानाखाली वाजवली, आणि बातमी आपोआप छापून आली. तू कधी गच्चीवरून उडी मारलीस रे? तुला जिना उतरताना कठडा लागायचा. तुझी खरी मर्दुमकी म्हणजे औषध कंपनीच्या फाटकासमोरच्या बाकावर आठवडेच्या आठवडे बसून राहणं, येणाऱ्याजाणाऱ्याशी गोड बोलणं आणि डोकं शांत ठेवणं. ती काही लहान मर्दुमकी नव्हती. तेवढी दाखवली असती तर मी उभी राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

आणि मला मध्यंतराच्या आधीच मारलं आहे. मी तेव्हा तुझ्याच पेपरात डेस्कवर उपसंपादक होते, दोन मुलांची आई होते, माझे गुडघे तेव्हापासूनच कुरकुरत होते. सिनेमात बहीण विशीतली आहे, केस मोकळे सोडून फिरते, आणि खलनायकाची माणसं तिला गाडीखाली घालतात, कारण त्याशिवाय नायकाला राग यायचा नाही. मी पर्स मांडीवर धरून स्वतःचं प्रेत बघत बसले. भावोजी कानाशी लागून म्हणाले, 'दिसायला मात्र तुला बरी दाखवली आहे.' घरी येताना रिक्षात म्हणाले, गाणी ठीक आहेत. अशा माणसाशी मी संसार केला आहे, तेव्हा माझी सहनशक्ती कमी आहे असं तू म्हणू शकत नाहीस.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. ड्रायव्हरचं नेता येत नाही. कंपनी दुकानांतून मुदत संपलेली इंजेक्शनं परत मागवायची, बाटल्यांवरची तारीख पुसायची, नवं लेबल चिकटवायची आणि तोच माल दवाखान्यांना विकायची. माल परत आणायचं काम त्या ड्रायव्हरचं. ज्या दिवशी त्याला कळलं की आपण काय वाहतो आहोत, त्या दिवशी तो मालकाला तोंडावर बोलला, आणि थोड्याच दिवसांत गोदामाच्या ओट्याला पाठ लागलेल्या अवस्थेत, मागे घेतलेल्या ट्रकने चेपलेला सापडला. अपघात म्हणून नोंद झाली. तू तो बघून थेट माझ्या घरी आलास. नळाखाली डोकं धरून बसलास आणि दोन दिवस अन्नाला शिवला नाहीस. बातमीत तू त्याच्या मरणावर एकच वाक्य लिहिलं होतंस, आणि त्यात एकही विशेषण नव्हतं. मी त्या वाक्याला हात लावला नाही. तसं वाक्य मला साऱ्या नोकरीत पुन्हा वाचायला मिळालं नाही.

सिनेमात तोच माणूस चेपला जाताना तीन बाजूंनी दाखवला आहे. बरगड्या मोडल्याचा आवाज काढला आहे, रक्ताचा फवारा थेट आपल्या तोंडावर यावा असा, आणि पुन्हा तेच सावकाश. आमच्या मागे कुणीतरी शिट्टी मारली. शेजारचा माणूस लाह्या खात होता, त्याने खाणं थांबवलं नाही. तोंडावर पदर धरून मी बाजूला वळले, तर तू दिसलास. तू पडद्याकडे बघतच नव्हतास. तू आमच्या तोंडांकडे बघत होतास, घाव बसला का ते. नळाखाली डोकं धरून बसलेला माझा भाऊ हाच का, असं मनात आलं. पण हेही मी गिळलं असतं. सिनेमावाले आहेत, त्यांना रक्त लागतं, तुझ्या एकट्याच्या हातात काय होतं, अशी मी माझी समजूत घातली असती.

मग तो दाढीवाला मुकादम आला. एका पायाने लंगडणारा, खोल आवाजाचा. तोच नायकाला आतली माहिती देतो. गोदामात उभा राहून तो नायकाच्या डोळ्यांत बघतो आणि म्हणतो, 'साहेब, चुना नको, भिंत दाखवा.' थिएटरात टाळ्या पडल्या. मी खुर्चीतून अर्धी उठले. भावोजींनी विचारलं, काय झालं, तर मला सांगताही येईना, कारण तुला आतली माहिती देणाऱ्या माणसाचं हे वाक्य, हे जगात ज्या मोजक्या माणसांना माहीत आहे त्यांत ते नाहीत. बायको असून मी त्यांना कधी सांगितलं नाही. तू मात्र तिकीट काढून येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंस.

तुला धुणं आठवतं ना? की तेही पटकथेत कापलं गेलं? आपल्या डेस्कवर एक जुना नियम होता. नगरपालिकेतल्या एका कारकुनाने कुणा बातमीदाराला काहीतरी सांगितलं होतं. बातमीत नाव नव्हतं, खातं नव्हतं, काही नव्हतं. पण त्या कारकुनाला प्रत्येक वाक्यामागे 'म्हणजे कसं बघा' म्हणायची खोड होती आणि बातमीदाराने ती हौसेने तशीच छापली. दुपारपर्यंत कारकुनाची बदली झाली. तेव्हापासून वृत्तसंपादकांनी दंडक घातला, की नाव झाकून भागत नाही, माणूस बोलण्यावरून ओळखू येतो. ज्याचं नाव झाकायचं त्याचं बोलणं आधी धुवायचं. त्याची म्हण, त्याची लकब, त्याच्या तोंडचा खास शब्द, सगळा रंग निघून वाक्य पांढरं पडलं की मगच पानावर वाळत घालायचं. ते काम माझ्याकडे असायचं. पोरं मला परटीण म्हणायची, आणि मला त्याचा अभिमान होता.

तू ते वाक्य घेऊन आलास तेव्हा तुझे डोळे चमकत होते. तू ते बातमीच्या सुरुवातीला घातलं होतंस, मथळाही त्यावरच सुचवला होतास. मी ते काढलं आणि लिहिलं, 'संबंधितांनी खरी परिस्थिती समोर आणावी, असे सूत्रांचे म्हणणे आहे.' तू माझ्या टेबलाशी येऊन दात-ओठ खाल्लेस. म्हणालास, 'ताई, तू वाक्याचा मुडदा पाडलास.' मी म्हटलं, वाक्याचाच पाडला. वृत्तसंपादकांनी माझ्या बाजूने मान हलवली, आणि तू पाय आपटत गेलास. बातमी छापून आली, मालक तुरुंगात गेला, तुझं नाव झालं, बक्षिसं मिळाली. मला वाटलं, तू ते विसरलास. आता कळतं, तू इतकी वर्षं ते वाक्य खिशात घालून फिरत होतास, कुणीतरी विकत घेईपर्यंत.

ते वाक्य ज्या बाईचं, ती तुझी एकट्याची नव्हती, चिमण, म्हणून हे मला इतकं लागलं. तुम्ही माझ्या घरी भेटायचात. बातमीदाराशी बोलताना कुणी बघितलं तर वांधा, पण एक बाई दुसऱ्या बाईकडे पडद्यांना काठ मारून घ्यायला आली तर कोण बघतं? ती कापडाची पिशवी घेऊन यायची, मी मशीन चालू ठेवायची म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये, आणि तुम्ही स्वयंपाकघरात बोलायचात. आपण तिला लेबलवाली म्हणायचो, कारण ती लेबलाच्या मशीनवर होती आणि नाव उच्चारायचं नाही असं ठरलं होतं. तुझं काम झालं, तू येणं बंद केलंस. ती येत राहिली. माझ्या घरातल्या प्रत्येक पडद्याला तिच्या निमित्ताने दोनदा काठ लागला आहे. ती हसायला लागली की खुर्चीवरून घसरायची. 'चुना नको, भिंत दाखवा' हे तिचं पालुपद होतं. पर्यवेक्षक थापा मारायला लागला की त्याला, लेक परीक्षेचे गुण लपवायला लागली की तिला, भाजीवाल्याने कापलेल्या भोपळ्याची चांगली बाजू पुढे ठेवली की त्यालासुद्धा. कंपनीत, कामगारांच्या वसाहतीत, तिच्या लेकीच्या शाळेतही ते वाक्य तिचं म्हणून सगळ्यांना माहीत होतं. ते तिच्या नाकासारखं होतं. तू नाकाला मोठी दाढी लावलीस, पाय लंगडा केलास आणि समजलास की आता ओळखता येणार नाही. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराला तरी अक्कल नसते. तुला होती.

बरं, सिनेमात घातलंस ते घातलंस. पोस्टरवर ते, टी-शर्टवर ते, रस्त्याने जाणारी पोरं एकमेकांना ते म्हणतात. आणि वर तुझी ती मुलाखत. शेजारच्या सुनेने मला मोबाइलवर दाखवली, 'तुमचे भाऊ किती छान बोलतात' म्हणून. तू पायावर पाय टाकून बसला आहेस आणि सांगतो आहेस, की बाकी सिनेमात कल्पनेची भर आहे, पण हे वाक्य मात्र माझ्या सूत्राचं, जसंच्या तसं, मी त्यातलं एक अक्षर बदललेलं नाही. अभिमानाने सांगतो आहेस. मी मोबाइल परत दिला आणि हात धुतले.

आता तुला जे माहीत नाही ते सांगते. कंपनी मालकाच्या मुलाने नाव बदलून पुन्हा सुरू केली, हे तुला ठाऊक आहेच. वसाहत तीच आहे, बरीच माणसंही तीच. तुझ्या बातमीनंतर कारखाना कितीतरी महिने बंद होता. त्या लोकांनी काय काय भोगलं ते आपण छापलं नाही. लेबलवालीच्या शेजारणीच्या नवऱ्याला पुन्हा कधी धड काम मिळालं नाही. तो दारू पिऊन गेला. तेव्हा ती माणसं वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. आपल्या घरची चूल ज्याने विझवली त्याच्यावर माणूस रागावणारच, मग त्याने दुसऱ्या कुणाचा जीव वाचवलेला का असेना. लेबलवाली आता निवृत्त आहे, पण तिची लेक त्याच कंपनीत पॅकिंगला आहे, आणि मायलेकी त्याच खोल्यांत राहतात.

तर आपल्या कारखान्यावर सिनेमा निघाला म्हणून अख्खी वसाहत मिळून दुपारच्या खेळाला गेली. लेबलवालीने टाळायचा प्रयत्न केला, पण सगळे जाणार आणि एकटी घरी राहणार, तर तेही डोळ्यावर येतं. ती मधोमध बसली. सुरुवातीला सगळे खिदळत होते. लेबलाचं मशीन भलत्याच रंगाचं दाखवलं आहे, टोप्या चुकीच्या आहेत, गोदामात झुंबर टांगल्यासारखे दिवे लावले आहेत, अशा चुका काढत होते. मग तो मुकादम ते वाक्य बोलला. शेजारणीने हसून हिच्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाली, 'अगं बाई, हे तर तुझंच.' पुढच्या रांगेतली दोघं-तिघं मागे वळून हसली. आधी सगळ्यांना गंमतच वाटली, चिमण. पुढचं मला ती सांगत होती तेव्हा माझ्या हातातली सुई थांबली. ती म्हणाली, हसू एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं, जसजसं ज्याला कळत गेलं, की हा मुकादम सिनेमात कोण आहे आणि कुणाला काय सांगतो आहे. शेजारणीने मांडीवरचा हात काढून घेतला. ही शेवटपर्यंत बसून राहिली, कारण मध्येच उठणं म्हणजे कबुली. घरी जाताना बसमध्ये तिच्या बाजूची जागा रिकामी राहिली आणि लोक उभ्याने गेले.

त्यानंतर तिच्याशी कुणी भांडलं नाही, हे सगळ्यात वाईट. एके दिवशी सकाळी उठून बघते तर दाराला चुना फासलेला. दार, चौकट, उंबरा, कडी, सगळं पांढरं. तिने आणि लेकीने मिळून ते खरवडलं, आणि वसाहत आपापल्या दारात उभी राहून बघत होती. लेकीला कंपनीत मालकाच्या मुलाने बोलावून घेतलं. ओरडला नाही. खुर्ची दिली, आणि विचारलं, 'आई कशा आहेत? गोदामाकडे येतात का कधी? या म्हणावं, जुनी माणसं आहेत.' गोदामाकडे. ज्या ओट्याशी ड्रायव्हर सापडला त्या गोदामाकडे. लेक तेव्हापासून जेवत नाही. पोलिसांकडे जाऊ म्हटलं तर काय तक्रार लिहायची? दाराला चुना लावला, आणि मालकाने तब्येत विचारली.

मग ती माझ्याकडे आली. या खेपेला पडद्याची पिशवी नव्हती. मला वाटलं, रडेल, तुला शिव्या देईल, मलाही देईल. तिने पाणी मागितलं. प्यायली. म्हणाली, 'तुमच्या भावाला दाढी सुचली, लंगडा पाय सुचला, झुंबरं सुचली. मग एक वाक्य नाही सुचलं का?' मी आयुष्यभर वाक्यं दुरुस्त करून पोट भरलं, पण ते वाक्य मला दुरुस्त करता आलं नाही.

त्याच दुपारी मी तुला फोन केला होता, आठवतो? मी एवढंच म्हटलं, की ते वाक्य सिनेमातून काढता येईल का, आणि का ते थोडक्यात सांगितलं. तू आधी हसलास. म्हणालास, 'ताई, अगं ते वाक्य म्हणजेच सिनेमा आहे. बाकीचं कुणीही लिहिलं असतं.' मग म्हणालास, इतक्या वर्षांनी कुणाला काय पडलंय. मग मी दाराचं सांगितलं तेव्हा तू 'अरेरे' म्हणालास, आणि मला वाटलं, आला माझा भाऊ ठिकाणावर. आणि तू काय म्हणालास? म्हणालास, की मग आता लपवण्यात अर्थच नाही, तिला पुढे आणू, यशाच्या समारंभात व्यासपीठावर बोलवू, फुलांचा गुच्छ देऊ, टाळ्या पडतील, एकदा सगळं जग तिच्या बाजूने झालं की तिच्या केसालाही कुणी हात लावणार नाही. संध्याकाळी पुन्हा तुझा फोन, की दिग्दर्शकांना कल्पना फार आवडली आहे. म्हणजे तू सांगून मोकळाही झालास, की ती आहे, जिवंत आहे, याच शहरात आहे. 'नाव नाही सांगितलं गं,' असं वर मलाच समजावलंस. टाळ्या वाजवून झाल्यावर तुझी माणसं गाडीत बसून घरी जातील, आणि ती त्या पांढऱ्या दाराशी जाईल, एवढं तुझ्या डोक्यात येत नाही? तुला ती घाबरलेली बाई दिसतच नाही. तुला अजून एक प्रसंग दिसतो. त्या क्षणी मला तुझी जी किळस आली ती मी लपवणार नाही. ज्या भावाचं शेंबडं नाक मी माझ्या बाहीने पुसलं, त्याचा आवाज मला ऐकवेना, हे खरं आहे.

आता ऐक, मी हे का लिहिते आहे. काल मला एका पेपरातून फोन आला. मुलगी तरुण आहे, आवाज नम्र आहे, सिनेमाच्या निमित्ताने बातमीदाराच्या घरच्यांवर लेख लिहिते आहे. मी तिला बोलावलं, चहा केला आणि सांगितलं, की ते गाजलेलं वाक्य कुठल्या सूत्राचं वगैरे नाही. ते आमच्या आईचं. तिच्या माहेरची जुनी म्हण, जुन्या बायका सर्रास म्हणायच्या, आम्ही ते ऐकतच वाढलो, आणि माझ्या भावाने सिनेमा चालावा म्हणून ते सूत्राच्या तोंडी घातलं आणि मुलाखतीत थाप मारली. तुला माहीत आहे, आई आयुष्यभर 'असू दे' याच्यापलीकडे काही बोलली नाही. तिच्या तोंडी हे वाक्य घालताना मला कसंसंच झालं, पण घातलं. एका बाईचं वाक्य असलं की तो पुरावा होतो, दोघींचं असलं की म्हण होते. म्हण कुणाच्याही तोंडी असू शकते, मुकादमाच्या, आईच्या, लेबल लावणाऱ्या एखाद्या बाईच्याही. मुलगी शिकलेली आहे. दुसऱ्या तोंडून खात्री केल्याशिवाय ती छापणार नाही, आणि ते दुसरं तोंड तुझं आहे. उद्या ती तुला फोन करेल. तेव्हा तिला सांगायचं, हो, आईचंच, मुलाखतीत मी खोटं बोललो. कारण विचारलं तर म्हणायचं, प्रसिद्धीसाठी. नंतर कॅमेऱ्यासमोरही तेच, दिग्दर्शक कितीही चिडला तरी तेच. हे मी फोनवर सांगितलं नाही आणि संदेशही पाठवला नाही, कारण तुझ्या हातातला मोबाइल किती जणांच्या हातात फिरतो ते मला ठाऊक आहे. म्हणून भावोजींच्या हाती बंद पाकीट देते आहे. आत काय आहे ते त्यांना माहीत नाही. वाचून झालं की फाड आणि त्यांना नुसतं हो किंवा नाही सांग, ते निरोप आणतील. मला कळतं, लोक तुला थापाड्या म्हणतील, तुझ्या जुन्या बातमीवरही शंका घेतील, आणि ते तुला फार लागेल. पण एक गोष्ट तिने मला परवा जाताना सांगितली, ती तू ऐकून ठेव. कारखाना बंद पडला तेव्हापासून वसाहतीतल्या बायका नळावर, जिन्यात, पापड लाटताना त्या अज्ञात चुगलखोराला शिव्या घालायच्या. त्याचं वाटोळं होवो, त्याची पोरं उपाशी मरोत म्हणायच्या. कुणाला संशय येऊ नये म्हणून तीही त्यांच्यात बसून, त्यांच्याहून मोठ्या आवाजात, लेकीला शेजारी बसवून तेच म्हणत आली. इतकी वर्षं. तुला स्वतःला एकदा थापाड्या म्हणायचं आहे.

अजून तरी तुझीच,
ताई